पोवळ्यांचं पाणी

समुद्र पाहण्याआधी मी समुद्राचं पाणी पाहिलं ते मुलुंड पूर्वेच्या एका सोसायटीत, दुसऱ्या मजल्यावरच्या हॉलमध्ये. मरोळच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका औषध कारखान्यात मला नोकरी लागली होती, प्रयोगशाळेत पाण्याचे नमुने तपासायची. आमचं गाव हिंगोलीकडचं. वडील पिठाच्या गिरणीत कामाला, आई अंगणवाडीत मदतनीस. आमच्या घरात बारावीच्या पुढे गेलेला मी पहिला. निकाल लागला त्या दिवशी आईने गल्लीत घरोघर जाऊन चमच्याने साखर वाटली होती.

ओळखीच्या ओळखीने एक खोली भाड्याने मिळेल असं कळलं, म्हणून बॅग घेऊन त्या दारात उभा राहिलो. दार उघडलं ते साठीच्या पुढच्या एका गृहस्थांनी. त्यांच्या एका हातात काचेची छोटी कुपी होती आणि दुसऱ्या हातात थेंब सोडायची सिरिंज.

"थांब जरा," ते म्हणाले, "थेंब मोजतोय."

मी उंबऱ्याबाहेर थांबलो. कुपीतलं निळं पाणी ते हलवत होते आणि एकेक थेंब सोडत होते. पाणी पिवळं झालं तसं मी न राहवून म्हणालो, "झालं. अजून टाकू नका."

त्यांनी चष्म्यावरून पाहिलं. "येतं तुला हे?"

"हो. टायट्रेशन. नोकरीच त्याची आहे."

"मग ये आत. भाड्याचं नंतर बोलू. मला हल्ली पिवळं नीट दिसत नाही."

स्वयंपाकघरातून आवाज आला, "बघा, आल्या आल्या पोराक कामाला लावल्यानी. अरे झिला, आधी पाणी तरी पी."

त्या काकी. काका विमा कंपनीतून निवृत्त झालेले, वडील त्यांचे गिरणी कामगार. काकींचं माहेर देवगडकडचं, खाडीच्या काठावरचं. त्यांच्या वडिलांची होडी होती. दोघांना मूलबाळ नव्हतं. ही गोष्ट त्यांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगून टाकली, पुन्हा कुणी विचारायला नको म्हणून सांगतात तशी.

हॉलच्या एका भिंतीला ती टाकी होती. आत जिवंत पोवळी. मला पोवळं म्हणजे अंगठीतला खडा एवढंच माहीत होतं. इथे ती फांद्या फुटल्यासारखी, मेंदूच्या वळ्यांसारखी, काही जांभळी, काही हिरवी, आणि दिवा लागला की त्यांच्या अंगातून बारीक बोटं बाहेर यायची. आपल्या समुद्रातली काढायला बंदी आहे. काकांकडची परदेशात टाक्यांत वाढवलेली, कागदपत्रांसह आलेली. बोटाएवढा तुकडा आणायचा आणि वर्षानुवर्षं वाढवायचा. पोवळ्यांमध्ये दोन नारिंगी मासे पांढरे पट्टे मिरवत फिरत.

पोवळं वाढतं म्हणजे ते पाण्यातून चुना घेऊन स्वतःचा सांगाडा बांधतं. त्यासाठी पाण्यात कॅल्शियम लागतं आणि कार्बोनेट लागतं. हे दुसरं किती आहे ते क्षारतेच्या चाचणीवरून कळतं. पोवळी ते रोज थोडं थोडं खाऊन टाकतात, म्हणून रोज मोजायचं आणि जेवढं उतरलं तेवढं परत घालायचं. एकदम घातलं तर पोवळ्यांची टोकं जळतात. घातलंच नाही तर ती उपाशी राहतात. काका आठच्या आसपास ठेवायचे. संध्याकाळी चहाच्या आधी चाचणी व्हायची, आणि आकडा, मधलं दशांश चिन्ह गाळून, घरात मोठ्याने सांगितला जायचा.

"आठ दोन!"

"बरा!" काकी आतून म्हणायच्या. आकडा काहीही असला तरी त्या "बरा"च म्हणायच्या. एकदा मी मुद्दाम "बत्तीस!" असं ओरडलो, तरीही "बरा!" आला, आणि काका एवढे हसले की त्यांना ठसका लागला.

घालायचं औषध म्हणजे खायचा सोडा. तो कोरडा भाजला की जास्त कामाचा होतो. भाजायचं काम काकींच्या कढईत चालायचं. "शिरा करायची कढई ती," काकी म्हणायच्या, "हिच्यात आता तुमच्या पोवळ्यांचा शिरा." पण काका भाजायला बसले की हात दुखेल म्हणून कढई त्याच हिसकावून घ्यायच्या. भाजलेला सोडा गार झाला की बरणीत भरायच्या आणि बरणीचं तोंड फडक्याने बांधायच्या, लोणच्याच्या बरणीचं बांधतात तसं. पाण्याचा निळा पिंप न्हाणीघरात असायचा. त्यात फिल्टरचं पाणी आणि समुद्री मीठ कालवलेलं. मी पहिल्यांदा त्यात हात घालून जिभेला लावलं तेव्हा काकी बघत होत्या. "कसा लागता?" त्यांनी विचारलं. मी म्हणालो, "खारट." त्या म्हणाल्या, "मग समुद्रच तो."

त्या घरात मला काय मिळालं ते सगळं लिहायला बसलो तर दुसरंच काही होईल. भाडं नावाला होतं. मासे खायला मी त्या घरी शिकलो, काटे काढून देणाऱ्या काकींच्या हातून, वयाच्या तेविसाव्या वर्षी. ताप आला तेव्हा काका रिक्षाने मरोळला जाऊन माझ्या साहेबांना सांगून आले, फोनवर सांगणं बरं दिसत नाही म्हणून. ज्याच्या घरी कुणी कॉलेज पाहिलं नाही त्या मुलाला शहरात कसं वागायचं हे कुणीतरी शिकवावं लागतं. त्यांनी ते न शिकवल्यासारखं शिकवलं.

काकांची मूत्रपिंडं आधीपासून अधू होती. रक्तात आम्ल साठू नये म्हणून डॉक्टरांनी त्यांना सोडामिंटच्या, म्हणजे खायच्या सोड्याच्याच गोळ्या दिल्या होत्या. "टाकीचं आणि माझं औषध एकच," ते म्हणायचे. "फक्त मला भाजून देत नाहीत." पुढे पायांवर सूज आली, जिना चढताना धाप लागू लागली, आणि श्रावणाच्या सुरुवातीला त्यांना रुग्णालयात ठेवावं लागलं. डायलिसिस सुरू झालं. जाताना त्यांनी टाकीसमोर खुर्ची ओढून घेतली आणि मला सगळं पुन्हा एकदा सांगितलं, जे मला पाठ होतं.

"मोजल्याशिवाय घालायचं नाही. आणि घाबरून काही करायचं नाही. पाणी सावकाश बिघडतं, सावकाशच सुधारायचं. मी येईपर्यंत एवढं सांभाळ."

"तुम्ही लवकर याल," मी म्हणालो.

"मी कधी येईन ते डॉक्टर बघतील. तू टाकीचं बघ."

तेव्हापासून मी सकाळी कामावर जाण्याआधी चाचणी करायचो आणि संध्याकाळी रुग्णालयात जाऊन आकडा सांगायचो. काकी दिवसभर तिथेच असायच्या, रात्री झोपायला घरी यायच्या. मी खोलीत शिरलो की काकांचा पहिला प्रश्न तोच.

"किती?"

"सात आठ."

"काल आठ दोन होतं. म्हणजे चांगलं खातायत." त्यांच्या चेहऱ्यावर खरंच रंग यायचा. "आकडा उतरला पाहिजे बघ. उतरला म्हणजे आत कुणीतरी जगतंय. किती घातलंस?"

मी सांगायचो. मग ते काकींकडे वळून म्हणायचे, "पोरगं शिकलंय हो." आणि काकी म्हणायच्या, "शिकलाच हा तो. तुमीच एक शिकायचे रवलात." शेजारच्या पलंगावरच्या बाईही ऐकायच्या. त्यांना वाटायचं, आम्ही साखरेचा आकडा बोलतोय.

नारळी पौर्णिमेला दरवर्षी ते दोघं समुद्रावर जायचे. लहानपणी काकींचे वडील या दिवसानंतर होडी पाण्यात घालत, आणि काकींची आई नारळ वाहून समुद्राला हात जोडत असे, माणूस परत दे म्हणून. मुंबईत आल्यावरही काकींनी हे सोडलं नव्हतं. मुलुंडहून दोन बस बदलून मढच्या किनाऱ्यावर जायच्या. मीही एकदा त्यांच्याबरोबर गेलो होतो. त्या वर्षी जाणं शक्य नव्हतं. आदल्या दिवशी काकांचा रक्तदाब उतरला होता, डॉक्टर दोनदा येऊन गेले होते. पौर्णिमेच्या दुपारी काकी आंघोळीला म्हणून घरी आल्या आणि दिवेलागणीच्या आत परत रुग्णालयात गेल्या. मधल्या वेळात त्यांनी काय केलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी उठून हॉलमध्ये आलो तर टाकीतलं पाणी पांढरं झालं होतं. अगदी दुधासारखं. आतलं काही दिसत नव्हतं. काकी आंघोळ करून टाकीसमोर उभ्या होत्या, हात जोडून.

"बघ," त्या हळूच म्हणाल्या. त्यांचा चेहरा कितीतरी दिवसांनी मोकळा दिसत होता. "दूध झाला. समुद्रान घेतल्यान रे."

"काय घेतलं, काकी?"

त्यांनी सांगितलं. अख्खा नारळ टाकीत मावला नसता, खाली पोवळ्यांवर पडला असता, म्हणून त्यांनी तो फोडला आणि त्याचं पाणी टाकीत वाहिलं. हळदकुंकू वाहिलं. नारळीभात केला होता, त्याची मूदही सोडली. आणि मागणं मागितलं. समुद्र हाच होता घरात, दुसरा कुठला जवळ होता?

नारळाच्या पाण्यात साखर असते, भातात गूळ होता. बंद टाकीत साखर पडली की जिवाणू रातोरात वाढतात आणि पाण्यातला सगळा प्राणवायू ओढून घेतात. पांढरं दिसत होतं ते त्यांचंच. हे मला कळत होतं. मासे वर येऊन तोंड उघडत होते. मी पिंपाकडे धावलो. पाणी बदललं, हवेचा पंप लावला, दगडांमागचा भात नळीने ओढून काढला, कारखान्यात फोन करून रजा टाकली. काकी आधी नुसत्या बघत राहिल्या. मग त्यांचे जोडलेले हात सुटले.

"चुकला काय माझा?" त्यांनी विचारलं.

मी म्हणालो, "होईल नीट."

नाही झालं. पाणी दुसऱ्या दिवशी निवळलं तेव्हा मासे तळाशी होते, आणि पोवळ्यांवरचं मांस सालीसारखं सुटून पाण्यात तरंगत होतं. आतला सांगाडा पांढरा स्वच्छ. मी हातमोजे घालून ते सगळं काढलं. काकी पलंगावर भिंतीकडे तोंड करून बसल्या होत्या.

"तेंका सांगू नको हां," त्या म्हणाल्या. थोड्या वेळाने पुन्हा म्हणाल्या, "नाय घेतल्यान समुद्रान. परत दिल्यान." मी समजावायला गेलो की हा साखरेचा आणि प्राणवायूचा प्रश्न आहे, तर त्यांनी माझ्याकडे पाहिलंच नाही. त्यांनी नवऱ्यासाठी मागणं मागितलं होतं आणि हे उत्तर आलं होतं. यात माझ्या पदवीचं काही काम नव्हतं.

मी काकांना काही सांगितलं नाही. खोटंही सांगितलं नाही. रोज सकाळी रिकाम्या टाकीचं पाणी मोजत होतो आणि आकडा सांगत होतो, कारण ते विचारत होते.

"किती?"

"आठ तीन."

दुसऱ्या दिवशी, "आठ तीन."

तिसऱ्या दिवशी काकी औषधं आणायला खाली गेल्या होत्या. काकांच्या हाताला नळ्या होत्या, यंत्र चालू होतं. "किती?" त्यांनी विचारलं.

"आठ तीन."

"काल किती घातलंस?"

"नाही घातलं."

"परवा?"

मी त्यांची चादर सारखी करू लागलो. ते छताकडे बघत होते. यंत्राचा आवाज येत होता. मग ते म्हणाले, "सगळी गेली?"

"हो, काका."

"मासे?"

"ते पण."

त्यांनी डोळे मिटले. डोळ्यांच्या कडेने पाणी कानाकडे उतरलं, पण हात बांधलेला असल्यामुळे त्यांना पुसता येईना. मी रुमालाने पुसलं. त्यांनी कसं झालं म्हणून विचारलं, आणि मी सगळं सांगितलं, नारळासकट. मला वाटलं ते चिडतील. ते ऐकत राहिले आणि मध्येच त्यांना हसू आलं, पोट हलवून, नळ्या हलवून.

"अख्खो टाकल्यान नाय ता बरा," ते काकींच्या बोलीत म्हणाले. "काच फुटली असती. खालच्या घरात समुद्र गेला असता."

मग हसू गेलं. त्यांनी माझं मनगट धरलं.

"ती काय म्हणतेय?"

"म्हणतायत समुद्राने घेतलं नाही."

"असंच म्हणणार. हे ती आयुष्यभर घेऊन बसेल." मग माझं मनगट जवळ ओढून म्हणाले, "तिला सांग, माझं चुकलं. ॲडमिट व्हायच्या आदल्या दिवशी मी नव्या बरणीतला सोडा दुप्पट घालून ठेवला होता घाईत, तुला न सांगता. त्यानेच गेली. नारळाने काही झालं नाही म्हणावं. तू शिकलेला आहेस, तुझं ऐकेल ती."

"काका, पण—"

"सांग रे. मला आता काय फरक पडतो? शिव्या मला खाऊ दे."

मी त्याच संध्याकाळी घरी आल्यावर सांगितलं. रसायनशास्त्राचे दोनचार शब्द घालून सांगितलं, म्हणजे खरं वाटेल. काकी पोळपाटावर लाटणं ठेवून ऐकत होत्या. ऐकून झाल्यावर त्यांनी एक मोठा श्वास सोडला. इतके दिवस त्या कसा श्वास घेत होत्या कोण जाणे.

"म्हणजे माझ्या नारळान नाय?"

"नाही काकी."

दुसऱ्या दिवशी रुग्णालयात पोचल्यावर पिशवी खाली ठेवण्याआधीच त्यांनी सुरुवात केली. "काय ओ, दुप्पट सोडो घातलात? वर्षानुवर्षा सांभाळलेली पोवळी मारलात! दुसऱ्याला सांगत बसता, मोजल्याशिवाय घालू नको, आणि स्वतः? घाई कसली होती एवढी? आणि मी इकडे देवाक नावां ठेवत बसलंय!" शेजारच्या बाई उठून बसल्या. परिचारिका दारात येऊन थांबली. काकींना थांबायचं नव्हतं. घरातलं गेल्या कित्येक वर्षांतलं काय काय त्यात आलं: कढई, न्हाणीघरातला पिंप, एका लग्नाला टाकीपायी उशिरा पोचले ते.

काका उशीवर डोकं टेकून ऐकत होते. मध्ये मध्ये म्हणत होते, "चुकलं गं." आणि हसत होते. काकींना त्याचा आणखी राग येत होता. त्या दिवशी काकींनी आणलेली पेज त्यांनी सगळी संपवली.

त्यानंतरच्या आठवड्यात काका गेले. छातीत पाणी झालं होतं, शेवटचे दोन दिवस ते बोलले नाहीत.

तेरावं झाल्यावर नातेवाईक गेले आणि घरात आम्ही दोघंच उरलो. काकींना टाकी हॉलमध्ये नको होती. मी रविवारी पाणी काढायला घेतलं आणि त्या टाकीखालचं कपाट रिकामं करायला बसल्या. जाळ्या, ब्रश, जुन्या कुप्या त्या एकेक करून पेपरवर ठेवत होत्या. मग आवाज थांबला. मी वळून पाहिलं. त्यांच्या मांडीवर सोड्याची नवी बरणी होती. गच्च भरलेली, तोंडाला फडकं बांधलेलं.

"हीच ना ती नवी बरणी?" त्यांनी विचारलं.

मी नळीचं टोक बादलीत नीट बसवलं.

"ही गाठ माझी हा. ते हास्पिटलात जायच्या आधी दोन दिवस मी भरून बांधलेली. ही कुणी सोडल्यानच नाय." त्यांनी गाठीवरून बोट फिरवलं. "खरा सांग. नारळान गेली ना?"

काकांनी मला काय सांगितलं होतं ते माझ्या मनात होतं. पण त्यांच्यासमोर बरणी होती, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. ज्या बाईने मला काटे काढून घास भरवले तिच्याशी पुन्हा शिकलेल्या माणसासारखं बोलणं मला जमेना.

"हो, काकी."

"तेंका म्हायत होता?"

"हो. मीच सांगितलं होतं."

"मी ओरडलंय त्याच्या आधी?"

"आधी."

काकी बरणी धरून बसून राहिल्या. नळीतून पाणी बादलीत पडत होतं. तेराव्यापर्यंत त्यांना मी रडताना पाहिलं नव्हतं. लोक म्हणत होते, बाई घट्ट आहे. आता त्या तोंडाला पदर लावून हलत होत्या, आवाज न करता. मी जवळ जाऊन बसलो. पाठीवर हात ठेवावा की नाही कळेना, मग ठेवला.

"सगळा ऐकून घेतल्यानी," त्या म्हणाल्या. "एवढा बोललंय मी. सगळ्यांसमोर. आणि ते हसत होते. मी म्हटलंय, मेले हसतत कित्याक?"